लॉन ट्रॅक्टरचा डेक: काढणी, दुरुस्ती, जोडणी (जून-जुलै २०२५)

९ जून, सोमवार

यंदा मान्सून २६ मे रोजीच पुण्यात आला. हंगामातली शेवटची लग्नं चिखलातच उरकावी लागली आणि गवताला मात्र ऊत आला. कर्वेनगरला नदीच्या बाजूला आमचं मंगल कार्यालय आहे. पुढच्या लॉनवर सिलेक्शन वन जातीचं गवत, म्हणजे मूळची हरळीच, फक्त बारीक पानाची. आता तुळशीच्या लग्नापर्यंत बुकिंग नाही. गवत कापायचा ट्रॅक्टर खोलायला याहून चांगला काळ मिळणार नाही.

ट्रॅक्टर अमेरिकन बनावटीचा, ४२ इंची डेक (ट्रॅक्टरच्या पोटाखाली लटकणारा, ब्लेड बसवलेला पत्र्याचा भाग), दोन ब्लेड, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एक सिलिंडरचं इंजिन. ब्लेडचा क्लच इलेक्ट्रिक आहे, डॅशबोर्डवरचा पिवळा खटका ओढला की लागतो. तक्रारी दोन. कापलेल्या पट्ट्याची उजवी कड खरवडल्यासारखी दिसते आणि डावी कड उंच राहते. शिवाय ब्लेड चालू केलं की डेकच्या डाव्या अंगाने करकर आवाज येतो.

कापणी तिरकी दिसली की सगळे आधी डेकच्या लिंकचे (डेक ज्यांवर लटकतो त्या दांड्यांचे) नट फिरवायला धावतात. मी आधी चाकांतली हवा बघतो, कारण डेक ट्रॅक्टरच्या सांगाड्याला लटकलेला असतो आणि सांगाडा चाकांवर उभा असतो. एक टायर बसला की डेकही त्याच बाजूला कलतो. मागच्या उजव्या चाकात निम्मीही हवा नव्हती. पुढे १४ आणि मागे १० पीएसआय, मॅन्युअलप्रमाणे भरली. तिरकेपणा बराचसा गेला, पण पूर्ण नाही.

आवाज तसाच. मामा (आमचे माळी, लॉन त्यांच्याच हातचं) लांब पेचकसाची मूठ कानाला लावून, इंजिन बंद असताना डाव्या बाजूची पुली हाताने फिरवून ऐकत होते. म्हणाले, "दादा, आत वाळू हाय." डेक उतरवायचा ठरला.

११ जून, बुधवार. काढणी

भटारखान्यासमोरच्या सिमेंटच्या पट्टीवर ट्रॅक्टर घेतला. इथे चारी चाकं सपाट जागेवर बसतात आणि उजव्या हाताला डेक सरकवायला मोकळी जागा आहे.

सुरुवात सुरक्षिततेपासून. हँडब्रेक ओढला, ब्लेडचा खटका आत, किल्ली काढून खिशात, आणि स्पार्क प्लगची टोपी उपटून बाजूला बांधून ठेवली. नुसती किल्ली काढून भागत नाही. ब्लेड हाताने फिरवताना पट्टा चढलेला असेल आणि क्लच चिकटला असेल तर इंजिनही फिरू शकतं. मामांचा मुलगा मदतीला होता, त्याला टोपी दाखवून सांगितलं की ही सुटलेली दिसल्याशिवाय डेकखाली हात घालायचा नाही. मामांनी न सांगता मागच्या चाकांना दगड लावले.

इंजिन गार होऊ दिलं. डेकची उंची बदलायचा दांडा सगळ्यात खालच्या खाचेत टाकला. बाजूची चार छोटी चाकं काढली, म्हणजे डेक जमिनीला अजून टेकतो आणि लिंकांवरचा भार सुटतो. भार सुटला नाही तर पिना निघत नाहीत. मग माणूस हातोडी उचलतो आणि पिन वाकडी करतो.

मग पट्टा. तो कुठून कसा जातो याचे फोटो काढले, शिवाय सिमेंटवर खडूने नकाशा काढला, कारण फोटोत पुलीच्या मागची बाजू दिसत नाही. आयडलर पुलीचा, म्हणजे पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीचा, हात स्प्रिंगने ताणलेला असतो. तो आत दाबून पट्टा सैल केला आणि इंजिनखालच्या क्लचच्या पुलीवरून खाली ओढून काढला. पुलीभोवती पट्टा धरून ठेवणाऱ्या सळया असतात, पट्टा त्यांच्या आतून बाहेर यावा लागतो. इथे जोर लावून सळई वाकवली तर पुढे पट्टा चालताना तिला घासत राहतो.

पुढचा क्रम असा. आधी मागच्या उजव्या कोपऱ्यातला आडवा दांडा, जो डेकला डावी-उजवीकडे डुलू देत नाही. त्याची आर पिन (इंग्रजी आर अक्षरासारखी वळवलेली तारेची खीळ) आणि वायसर काढून दांडा बाजूला फिरवला. मग पुढची लिंक. मग मागचे दोन्ही लटकते हात, त्यांच्याही आर पिना. प्रत्येक पिन निघाली की वायसरसकट तिच्याच भोकात परत खोचून ठेवायची. डबीत टाकलेल्या पिना जोडणीच्या वेळी एकमेकींच्या जागी जातात, आणि त्यांची लांबी सारखी नसते.

एक गोष्ट इथे ठळक लिहून ठेवतो. उंचीच्या दांड्यालाही आत जाड स्प्रिंग असते. डेकचं वजन उचलायला तीच मदत करते. डेक सुटल्यावर त्या स्प्रिंगला वजन उरत नाही, आणि दांडा खाचेतून निसटला तर मनगटावर किंवा हनुवटीवर सणसणीत बसतो. दांडा घट्ट धरूनच हलवायचा, आणि डेक बाहेर असेपर्यंत कोणी हात लावू नये म्हणून दोरीने बांधून ठेवायचा. मी सुतळीचे चार वेढे देऊन गाठ मारली.

स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवलं, म्हणजे पुढचं उजवं चाक वाटेतून हटतं, आणि डेक उजवीकडून सरकत बाहेर आला. वजन चाळीस किलोच्या आसपास. एकट्याने ओढता येतो, पण कडा धारदार आहेत. हातमोजे घालून दोघांनी काढावा.

१४ जून, शनिवार

डेक उलटा करून दोन लाकडी ओंडक्यांवर ठेवला. आतला थर बघून मामासुद्धा गप्प झाले. शेणाने सारवलेल्या भिंतीसारखा कापलेल्या गवताचा राप जमला होता, कोपऱ्यात बोटभर जाड. वरून पाण्याचा पाइप जोडायची सोय डेकला आहे आणि मामा ती दर कापणीनंतर वापरतात. पण ते पाणी ब्लेडच्या फेऱ्याने उडतं, मधला भाग धुतला जातो, कोपरे आणि ब्लेडखालची जागा तशीच राहते.

थराचं नुकसान दुहेरी आहे. डेकचं पोट एका विशिष्ट घडणीचं असतं. ब्लेडच्या मागच्या कडेला वर वळलेला पंख असतो, तो हवा खेचतो, त्या हवेने गवत उभं राहतं आणि मग कापलं जातं. पोटात राप भरला की हवेला वाट नाही, गवत झोपलेलंच राहतं आणि ब्लेड त्यावरून निघून जातं. दुसरं म्हणजे ओला राप पत्र्याला चिकटून महिनोन्महिने ओल धरतो. गंज आतून लागतो. वरचा नारिंगी रंग चकाचक दिसत असतो.

खुरपं, रंगाची पटाशी आणि तारेचा ब्रश, एवढ्यावर काम केलं. प्रेशर वॉशर मुद्दाम आणला नाही. त्याची धार बेअरिंगच्या सीलमध्ये घुसते.

मग ब्लेड काढली. बोल्ट ९/१६ इंची. १४ चा पाना बसत नाही आणि १५ चा सैल पडून कोपरे खातो, म्हणून बोहरी आळीतून आणलेला इंची गोट्यांचा (सॉकेटचा) संच वापरला. ब्लेड फिरू नये म्हणून तिच्या आणि डेकच्या कडेच्या मध्ये लाकडी ठोकळा अडकवला.

आणि डावीकडचं ब्लेड निघताच कारण सापडलं. ब्लेडच्या वर, दांड्याभोवती, नायलॉनच्या दोऱ्याचं घट्ट वळलेलं कडं. फुलांच्या माळांचा पांढरा दोरा, त्यात सोनेरी जर, तोरणाच्या झिरमिळ्या, आणि मध्येच निळ्या सुतळीचा तुकडा. सगळं फिरून फिरून घर्षणाने वितळलं होतं आणि काळ्या रबरासारखं कडक झालं होतं. कटरने कापायला घेतलं तर त्याचं पातंच बोथट झालं. शेवटी करवतीच्या पानाच्या तुकड्याने, दांड्याला ओरखडा न पडेल असं, चिरून काढलं. खालच्या बेअरिंगचं सील त्याने फाडून आत ढकललं होतं. सील फाटलं की पाणी आणि माती थेट गोळ्यांपर्यंत. मामांच्या कानाने ऐकलेली वाळू ती हीच.

उजवीकडेही दोरा होता, कमी, पण होता.

घरच्या बागेत किंवा शाळेच्या मैदानावर चालणाऱ्या मशीनला हा त्रास नाही. लग्नाच्या लॉनवर प्रत्येक कार्यानंतर हार तुटतात, माळा उतरवल्या जातात, आणि उरलेला दोरा गवतात बसतो, दिसतही नाही. वरून पाइप लावून हा दोरा कधीच निघणार नाही, आणि डेक जागेवर असताना खाली वाकून बघितलं तरी दिसणार नाही, कारण तो ब्लेडच्या वरच्या अंगाला असतो. म्हणून कार्यालयाच्या मशीनचा डेक प्रत्येक हंगामानंतर उतरवलाच पाहिजे, आवाज येवो न येवो. काकांनाही (कार्यालयाचा कारभार तेच बघतात) हे कडं हातात देऊन दाखवलं. त्यांनी ते ऑफिसच्या टेबलावर ठेवून घेतलं, मांडववाल्यांना दाखवायला.

१७ जून, मंगळवार

दोन्ही स्पिंडल (ब्लेड ज्यावर फिरतं तो दांडा, बेअरिंग आणि हाउसिंगसकट) डेकवरून उतरवले. ॲल्युमिनियमचं हाउसिंग, म्हणजे बेअरिंगचं घर, चार बोल्टांवर बसतं. लोखंडी बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत गंजून धरतात आणि जोर लावला की डोकं तुटून हातात येतं. शनिवारीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं, काल परत मारलं. आज आधी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर हलक्या हातोडीचे ठोके, मग पाना, आणि थोडं सोडून थोडं परत आवळत, असं करत आठही सुखरूप निघाले.

डावं खालचं बेअरिंग हातात घेऊन फिरवलं तर अडखळत फिरतं, मध्येच थांबतं. वरचं ठीक, पण बदलताना दोन्ही बदलायची. अंगावर नंबर वाचता आला: ६२०३. म्हणजे १७ मिलिमीटर आतला व्यास, ४० बाहेरचा, १२ रुंदी. दुचाकीपासून मोटरीपर्यंत सगळीकडे चालणारं माप, मिळायला अडचण नाही. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं हवं.

ओळखीच्या एका फिटरने सुचवलं की हाउसिंगला भोक पाडून ग्रीसचं निप्पल बसवून घ्या. मला पटलं नाही. बेअरिंगला दोन्हीकडून सील असेल तर हाउसिंगमध्ये भरलेलं ग्रीस गोळ्यांपर्यंत जातच नाही. जावं म्हणून आतलं सील काढलं तर ग्रीस जाईल, पण ते नियमित भरणारं माणूस हवं. आमच्याकडे सीलबंद बेअरिंग आणि दर हंगामाला दोरा साफ, हेच टिकेल.

पत्रा तपासला. हातोडीने ठोकत गेलो. जिथे पत्रा जाड तिथे खणखणीत आवाज, मागच्या डाव्या कोपऱ्यात बद्द. तिथे पटाशीचं टोक टेकवलं तर आरपार गेलं. सुपारीएवढं भोक आणि भोवती पातळ झालेला पत्रा.

१९ जून, गुरुवार

उद्या दोन्ही पालख्या शहरात येणार. माउलींचा मुक्काम भवानी पेठेत, तुकोबांचा नाना पेठेत, आणि सुट्या भागांची दुकानं नेमकी त्याच गल्ल्यांत. रविवारी पालख्या पुढे निघेपर्यंत तिकडे जायचा प्रश्नच नाही. मामा तीन दिवस सुट्टीवर, दरवर्षी वारकऱ्यांच्या सेवेला जातात. भटारखाना मोकळा होता म्हणून काकांनी एका दिंडीला चहा-पोह्याची सोय करून दिली. डेक कोपऱ्यात ताडपत्रीखाली.

त्याआधी सकाळी डेक टेंपोत घालून धायरीला फॅब्रिकेशनवाल्याकडे नेऊन आणला. पातळ झालेला पत्रा कापून काढला आणि दोन मिलिमीटरचा तुकडा बसवला. सलग वेल्डिंग करू नका, थोडं इकडे थोडं तिकडे टाके मारत जा, नाहीतर पत्रा तापून वाकडा होईल आणि ब्लेड कडेला घासेल, हे सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःहूनच तसं केलं. डेक ट्रॅक्टरला लटकलेला असताना मात्र वेल्डिंग कधीही करू नये. करंट क्लचच्या कॉइलमधून आणि वायरिंगमधून वाट काढू शकतो.

२२ जून, रविवार

सकाळी जुन्या बाजारात गेलो. मोठ्या स्पीकरमधले गोल लोहचुंबक हवे होते, मिळाले. कशासाठी ते पुढे.

दुपारी पोटाकडून रंगकाम. गंज घासून, थिनरने पुसून, इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. या हवेत सुकायला फार वेळ लागतो. वधूपक्षाच्या खोलीत पंख्याखाली ठेवला. वास घरभर. काकू नाराज, पण लग्नघर सध्या रिकामंच आहे.

२४ जून, मंगळवार. खरेदी

नाना पेठ. चार ६२०३ घेतली, नामांकित कंपनीची, खोक्यावरचं सील तपासून. खोटी बेअरिंग बाजारात भरपूर आहेत, म्हणून अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायची.

पट्ट्याची गोष्ट सविस्तर लिहितो, कारण इथे बहुतेक जण गोंधळतात. जुन्या पट्ट्यावर अमेरिकन पद्धतीचा आकडा होता, ४एल९५०. म्हणजे रुंदी अर्धा इंच आणि बाहेरून मोजलेली लांबी ९५ इंच. आपल्याकडे दुकानात मिळणारा ए सेक्शनचा पट्टाही अर्धा इंचच रुंद, पण त्याच्या आकड्यात आतली लांबी सांगतात. आतली आणि बाहेरची यांत साधारण दोन इंचांचा फरक. म्हणून ९५ मागितला तर दोन इंच मोठा पट्टा हातात पडतो आणि आयडलर तो ताणूच शकत नाही. ए-९३ मागायचा.

ए-९३ घेतला, पण कायमचा नाही. साधा पट्टा कारखान्यात सतत एकाच दिशेने चालण्यासाठी असतो. डेकचा पट्टा क्लच लागताना हिसका खातो आणि आयडलरवरून पाठीच्या बाजूने उलटा वाकतो. त्यासाठी आत ॲरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचा पट्टा लागतो, तो मागवला आहे, कुरिअरने येईल. ए-९३ अडीअडचणीला खुंटीवर.

२६ जून, गुरुवार

बेअरिंग रात्री फ्रीझरमध्ये, पिशवीत गुंडाळून. हाउसिंग हॉट एअर गनने, हात जेमतेम लागेल इतकं, तापवलं. गार बेअरिंग आकसतं, तापलेलं ॲल्युमिनियम पसरतं, आणि थोड्या दाबाने बसतं. ठोकायची वेळ आली तर फक्त बाहेरच्या कड्यावर, त्याच मापाच्या गोटीने. आतल्या कड्यावर ठोका बसला तर तो गोळ्यांतून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब.

दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळीचा तुकडा असतो. दुसरं बेअरिंग बसवायच्या आधी तो आत गेलाच पाहिजे. तो राहिला तर वरचा नट आवळताना दोन्ही आतली कडी एकमेकांकडे खेचली जातात, बेअरिंग तिरकी दाबली जातात आणि महिन्याभरात परत करकर. माझ्या टेबलावर तो तुकडा वेगळ्या ताटलीत ठेवला होता.

दांडे सरळ आहेत का ते फिरवून पाहिलं. ठीक.

ब्लेड. डावीच्या टोकाला मोठी खाच, मांडवाची मेख लागलेली. ग्राइंडरने मूळच्या कोनातच, साधारण तीस अंश, दोन्ही टोकं सारखी उतरवली. पातं निळं पडू द्यायचं नाही, निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, मग धार टिकत नाही. थोडं घासायचं, बादलीत बुडवायचं, परत घासायचं. वस्तऱ्यासारखी धार नको, ती पहिल्याच खड्यावर मुडपते. समतोल भिंतीत ठोकलेल्या खिळ्यावर मधलं भोक अडकवून बघितला. एक टोक खाली जात होतं, त्याच टोकाच्या मागच्या अंगाने थोडं घासलं. धारेच्या बाजूने घासून समतोल साधू नये. असमतोल ब्लेड बेअरिंगला हादरवून मारते.

१ जुलै, मंगळवार. जोडणी

ॲरामिड पट्टा आला. पाऊसही उघडला होता.

स्पिंडल डेकवर चढवले. ब्लेड पंख वरच्या दिशेने, म्हणजे डेकच्या पोटाकडे. उलटी लागली तरी फिरते, आवाजही तोच, फक्त गवत कापण्याऐवजी झोडपलं जातं. ब्लेडचे बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना), मॅन्युअलमध्ये दिल्याप्रमाणे ४५ ते ५५ फूट-पौंड. मी ५० वर थांबलो. अंदाजाने आवळू नये. ब्लेडच्या टोकाचा वेग अमेरिकन मानकाने मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत चालवून घेतलेला आहे, सेकंदाला ९६ मीटरच्या पुढे. सैल बोल्टची जबाबदारी कोणी घ्यायची?

पट्टा आधी डेकवरच्या पुल्यांवर, खडूच्या नकाशाप्रमाणे, सळयांच्या आतून. मग डेक उजवीकडून ट्रॅक्टरखाली. उंचीचा दांडा दोघांनी धरून सुतळी सोडली आणि हळूच खालच्या खाचेत नेला.

काढताना जो क्रम होता तो उलटा. मागचे दोन्ही हात आधी, मग पुढची लिंक, मग डुलणं थांबवणारा आडवा दांडा. एक हात पिनेवर बसत नसेल तर डेक थोडा पुढे-मागे सरकवायचा, हात वाकवायचा नाही. मामांनी सब्बल लावून डेक केसभर उचलला आणि पिन अलगद आत गेली. "जबरदस्ती नको दादा, त्याला त्याच्या जागंला जाऊ द्या." प्रत्येक आर पिनेचं वाकडं पाऊल पिनेवर बसलंय का ते बोटाने चाचपलं. अर्धी बसलेली पिन डोळ्याला पूर्ण बसल्यासारखीच दिसते.

शेवटी आयडलर दाबून पट्टा क्लचच्या पुलीवर चढवला. मग ब्लेड हाताने (मोजे घालून, प्लगची टोपी अजून काढलेलीच) पूर्ण दोन-तीन फेरे फिरवलं आणि पट्टा कुठे पिळलेला नाही, प्रत्येक पुलीच्या खोबणीत बसलाय, हे बॅटरीच्या उजेडात पाहिलं.

२ जुलै, बुधवार. लेव्हल

डेक उतरवणं आणि चढवणं हे मेहनतीचं काम, पण कापणी कशी होणार ते आजच्या कामावर ठरतं.

भटारखान्यासमोरची पट्टी पाणी जायला उताराची आहे, पाणसळ लावून पाहिली, चालणार नाही. आमच्याकडे खरोखर सपाट जागा एकच, मोठ्या हॉलची कोटा फरशी. काकांची परवानगी काढली, जुने फ्लेक्स अंथरले आणि ट्रॅक्टर आत घेतला. हवा परत मोजली.

आधी डावं-उजवं. दोन्ही ब्लेड आडवी फिरवली, टोकं बाजूंना. पोलादी पट्टीने डाव्या ब्लेडच्या बाहेरच्या टोकापासून फरशीपर्यंत आणि उजव्याच्या बाहेरच्या टोकापासून फरशीपर्यंत मोजलं. डावीकडे ८ मिलिमीटर जास्त. हाच राहिलेला तिरकेपणा. उचलणाऱ्या लिंकवरचा नट फिरवून डावी बाजू खाली घेतली. एका वेळी थोडंच फिरवायचं, डेक हलवून बसू द्यायचा, मग मोजायचं. शेवटी फरक २ मिलिमीटर. ३ पर्यंत चालतो.

मोजताना प्रत्येक ब्लेड अर्धा फेरा फिरवून दुसरं टोकही त्याच जागी मोजलं. दोन टोकांत ३ मिलिमीटरहून जास्त फरक आला असता तर ब्लेड वाकलेली समजून टाकून दिली असती. वाकलेली ब्लेड सरळ करायला जाऊ नये.

मग पुढे-मागे. ब्लेड उभी फिरवली, एक टोक पुढे, एक मागे. पुढचं टोक मागच्यापेक्षा ३ ते १२ मिलिमीटर खाली हवं, मी ६ ठेवलं. पुढच्या लिंकच्या नटाने. असं झुकतं ठेवायचं कारण, ब्लेडचा पुढचा अर्धा भाग गवत कापतो आणि मागचा अर्धा त्याच गवतावरून मोकळा फिरतो. सपाट ठेवलं किंवा मागची बाजू खाली गेली तर तेच गवत दोनदा कापलं जातं, इंजिनवर नाहक ओझं पडतं आणि शेंडे तपकिरी पडतात. लॉक नट आवळले आणि परत सगळं मोजलं, कारण आवळताना माप हलतं.

बाजूची छोटी चाकं सगळ्यात शेवटी, दीड इंची कापणीच्या खाचेवर डेक ठेवून. ती जमिनीला टेकलेली नसावीत, थोडी अधांतरी हवीत. त्यांचं काम डेक वाहण्याचं नाही, उंचवट्यावर डेकची कड गवतात रुतू न देण्याचं आहे.

प्लगची टोपी लावली, ट्रॅक्टर बाहेर काढला. रिकामा चालवून तीन गोष्टी बघितल्या. ब्लेड चालू असताना सीटवरून उठलं की इंजिन बंद पडतं. खटका आत ढकलला की ब्लेड पाच सेकंदांच्या आत थांबतं. ब्लेड चालू ठेवून मागे घेतलं की इंजिन बंद पडतं. तिन्ही बरोबर. करकर गेली.

५ जुलै, शनिवार

दोन दिवस पावसाने गवत चिंब. आज दुपारी उघडीप मिळाली, पाती कोरडी झाल्यावर कापलं. गवत फार वाढलं होतं म्हणून आधी अडीच इंचावर. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त पान कापू नये, नाहीतर मुळं दमतात आणि मोकळ्या जागी लव्हाळा घुसतो.

कापायच्या आधी चुंबकाची पट्टी ओढली. जुन्या बाजारातले चुंबक एका लाकडी फळीला खालून बसवलेत, दोरी बांधून मामा लॉनभर ओढतात. पहिल्याच फेरीत मुठभर खिळे, स्टेपलर पिना, तारेचे तुकडे, एक यू आकाराची मेख. दोऱ्याला चुंबक लागत नाही, त्यासाठी प्लास्टिकच्या दातांचा पंजा फिरवला.

दोन पट्ट्यांच्या जोडावर फळी उभी धरून पाहिली, मधे फट नाही. दोन्ही कडा सारख्या. बाहेर फेकलेलं गवत एकसारखं पसरलं.

१२ जुलै, शनिवार

आठवडाभर चाललेल्या मशीनची फेरतपासणी. नवा पट्टा सुरुवातीला थोडा ताणतो, आयडलरच्या हाताला अजून बरीच जागा शिल्लक आहे. ब्लेडचे बोल्ट टॉर्क पान्याने परत तपासले, हलले नाहीत. आर पिना जागेवर. वेल्डिंगची जागा आतून बघितली, प्रायमर शाबूत.

काल काका आणि मांडववाले बसले. ठरलं ते असं: मांडव उतरल्यावर माळा, तोरणं आणि दोरे गवतावर न कापता खुर्च्यांवर घेऊन कापायचे, आणि मेखा मोजून लावायच्या, मोजून काढायच्या. ते कडं टेबलावर होतंच. करारात कलम घालायला कोणी आक्षेप घेतला नाही.

खुंटीवर: ए-९३ पट्टा, दोन आर पिना, ब्लेडचे दोन बोल्ट. खडूचा नकाशा पावसाने पुसला, म्हणून तोच भटारखान्याच्या भिंतीवर ऑइलपेंटने काढून घेतला. डेक पुन्हा दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आधीच्या आठवड्यात उतरवायचा. मामांच्या मुलाने या वेळी क्रम नीट पाहिलाय, काढणी त्याच्या हातून करवून घ्यायची आणि मी बाजूला उभा राहायचं.